एअर फ्रायरमधले चिकन मोमो: आधी वाफ, मग गरम हवा

कच्चे मोमो थेट एअर फ्रायरमध्ये ठेवून १८० अंशांवर बारा मिनिटं चालवले, तर बहुतेक वेळा हाती येतं ते असं: चुण्यांची टोकं कडक, हिरड्यांना टोचणारी. पोटाचा भाग वातड. पारीवर जागोजागी कच्च्या पिठाचे पांढरे डाग. आतलं चिकन शिजलेलं असतं, पण कोरडं. मग कोणी म्हणतं मशीन चांगलं नाही, कोणी म्हणतं मैदा जुना होता, कोणी पुढच्या वेळी तेल दुप्पट लावतं. तेल वाढवून हे सुटत नाही, कारण प्रश्न पाण्याचा आहे.

मोमोच्या पारीला शिजायला पाणी लागतं आणि एअर फ्रायर मात्र पदार्थातलं पाणी काढून घेतो. एवढी एक गोष्ट नीट समजली की कृतीतल्या प्रत्येक पायरीचं कारण कळतं आणि आपल्या मशीनप्रमाणे, आपल्या चवीप्रमाणे बदलही करता येतात. म्हणून आधी कारण सांगतो, मग कृती.

मशीनच्या आत काय होतं

नावात फ्रायर असलं तरी त्यात तळणं होत नाही. वरच्या बाजूला तापणारी कॉइल असते, तिच्यावर पंखा असतो आणि खाली जाळीची बास्केट. पंखा गरम हवा खाली ढकलतो, ती पदार्थाभोवती फिरते आणि परत वर जाते. थोडक्यात, जोरदार पंख्याचा छोटा ओव्हन. फिलिप्सने २०१० मध्ये ‘एअरफ्रायर’ नावाने तो बाजारात आणला आणि पुढे सगळ्याच कंपन्यांच्या मशीनला ते नाव चिकटलं.

बटाट्याच्या फोडी यात छान होतात, कारण बटाट्यात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं. बाहेरून कितीही सुकला तरी आत शिजण्यापुरतं पाणी उरतं. मोमोच्या मळलेल्या मैद्यात पाण्याचा वाटा साधारण ४० टक्केच असतो आणि पारी असते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड. तिच्याकडे शिल्लक अशी काही नसतेच.

आता उष्णता पोचते कशी ते बघू. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घातला तर गरम लागतं, पण हात भाजत नाही. कुकरच्या शिट्टीतून येणारी १०० अंशांची वाफ मात्र लागताक्षणी चटका देते. हवा पातळ असते, तिच्यातून उष्णता हळू येते. वाफ गार पृष्ठभागाला टेकली की तिचं पाणी होतं आणि असं होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता ती तिथेच सोडते. तुलना करायची तर तेच एक ग्रॅम पाणी १०० अंशांवरून शून्यापर्यंत गार केलं तर फक्त १०० कॅलरी मिळतात. म्हणून वाफ हवेपेक्षा निम्म्या तापमानाची असूनही पदार्थ भराभर शिजवते, आणि वर पाण्याचा थरही ठेवून जाते.

कोरडी गरम हवा नेमकं उलट करते. ती पारीतलं पाणी उडवते, आणि उडताना ते पाणी तीच ५४० कॅलरी घेऊन जातं. म्हणजे सुरुवातीची काही मिनिटं पारी आधी सुकते आणि मग तापते. मैद्यातल्या स्टार्चला मात्र दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. साधारण ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान त्याचे कण पाणी शोषून फुगतात, मऊ होतात, पारदर्शक दिसू लागतात. वाफवलेल्या मोमोची पारी चमकते ती यामुळेच. या टप्प्याला पोचण्याआधीच पाणी उडून गेलं, तर तापमान कितीही वाढवा, तो कण कच्चाच राहतो. पांढरे डाग म्हणजे असेच कोरडे राहिलेले कण. बहुतेक वेळा लाटताना लावलेलं वरचं पीठ तिथे झटकायचं राहिलेलं असतं.

मग तांबूस रंग आणि कुरकुरीतपणा कुठून येतो? तो कोरड्या पृष्ठभागावरच येतो. पारी ओली आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं. पाणी गेलं, तापमान १४० अंशांच्या पुढे सरकलं की पिठातली प्रथिनं आणि साखर यांची प्रक्रिया वेगाने सुरू होते. तिला मायार्ड प्रक्रिया म्हणतात. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या कांद्याचा वास, सगळं तिचंच. हे काम एअर फ्रायर फार चांगलं करतो.

तेव्हा कामाची वाटणी सरळ आहे. शिजवणं वाफेकडे, रंग आणि कुरकुरीतपणा हवेकडे.

जिथला पदार्थ, तिथे हे आधीपासून माहीत आहे

मोमो तिबेट आणि नेपाळचे. काठमांडू खोऱ्यातले नेवार व्यापारी ल्हासाला ये-जा करत आणि त्यांच्याबरोबर हा पदार्थ काठमांडूत रुजला, असं सांगितलं जातं. भारतात दार्जिलिंग-कालिम्पोंगच्या पट्ट्यात तो होताच. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले तसा तो धरमशाला, दिल्लीतला मजनू का टिला, कर्नाटकातलं बायलकुप्पे इथे पोचला. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, हे मुंबई-पुण्याच्या मोमोप्रेमींपैकी अनेकांना माहीत नसतं.

नेपाळमध्ये कोथे मोमो मिळतात: वाफवून मग तव्यावर एका बाजूने लालसर केलेले. जपानी ग्योझा आणि चिनी ग्वोतिये यांत क्रम उलटा असतो. आधी तव्यावर बूड तांबूस करायचं, मग थोडं पाणी ओतून झाकण ठेवायचं. पण पाण्याशिवाय पारी शिजवायच्या भानगडीत कोणीच पडत नाही. एअर फ्रायर नवा असला तरी आपण करणार आहोत ती कोथे मोमोचीच रीत. तव्याची जागा हवेने घेतली, एवढाच फरक.

पारीचं पीठ

तीसेक मोमोंसाठी २५० ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा मीठ, ७० मिलिलिटर उकळतं पाणी आणि ६० ते ६५ मिलिलिटर साधं पाणी. मैद्यात मीठ मिसळून आधी उकळतं पाणी धार धरून ओतायचं आणि चमच्याच्या दांड्याने हलवत जायचं. गुठळ्या होतील, होऊ द्या. दोन मिनिटांनी साधं पाणी थोडं थोडं घालत गोळा करायचा आणि आठ-दहा मिनिटं चांगला मळायचा. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या पिठाच्या आसपास. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवायचा.

अर्धं पाणी उकळतं घ्यायचं कारण, गरम पाण्याने काही स्टार्च मळतानाच फुगून घेतो. फुगलेला स्टार्च जास्त पाणी धरतो आणि ते सहजासहजी सोडत नाही. पुढे कोरड्या हवेला तोंड द्यायचं असताना हा साठा फार कामाला येतो. मोदकाची उकड काढताना आपण हेच करतो. तांदळाच्या पिठात ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं चिवट प्रथिन, नसतं, त्यामुळे ते सगळंच्या सगळं उकडावं लागतं, नाहीतर पारीला चिरा जातात. मैद्यात ग्लूटेन आहे, म्हणून अर्ध्यावर भागतं. सगळं पाणी उकळतं घेतलं तर ग्लूटेन कमजोर होऊन पारी फाटते. सगळं गार घेतलं तर लाटलेली पारी मागे आक्रसते आणि एअर फ्रायरमध्ये वातड होते.

करंजीला घालतो तसं मोहन इथे घालू नका. तेलाने पिठाचे कण आधीच माखले की ग्लूटेन तयार होत नाही. करंजी खुसखुशीत होते ती त्यामुळेच, पण मोमोची पारी त्यामुळे सारणाच्या ओलीने फुटेल.

लाटी १२ ग्रॅमची, म्हणजे लहान लिंबापेक्षाही लहान. आठ-नऊ सेंटिमीटरचं पान लाटायचं, कडा पातळ आणि मध्य किंचित जाड. वरून पीठ लावावं लागलं तर अगदी थोडं, आणि भरण्याआधी ब्रशने किंवा फडक्याने झटकायचं. पांढऱ्या डागांचा बंदोबस्त इथेच होतो.

सारण

या सगळ्यात माझा सर्वांत जास्त जीव सारणात आहे, कारण मोमो चावल्यावर रस आला नाही तर बाकीच्या मेहनतीला अर्थ राहत नाही.

चिकन ३०० ग्रॅम, लेगचं बोनलेस. बऱ्याच दुकानांत खिमा ब्रेस्टचा देतात, कारण तो कापायला सोपा. पण ब्रेस्टमध्ये चरबी फार कमी असते आणि जरा जास्त शिजला की तो चोथा होतो. लेगमध्ये चरबी आहे, शिरांचा भाग आहे, तो दोनदा तापवला तरी ओलसर राहतो, आणि आपण दोनदा तापवणारच आहोत. दुकानदाराकडून बोनलेस तुकडे आणावेत, घरी बारीक कापून वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि मिक्सरला तीन-चार झटके द्यावेत. गार मांस कापलं जातं, कोमट मांस चेचलं जातं. खिमा डोशाच्या पिठासारखा गुळगुळीत नको, दाणा राहायला हवा.

आता मीठ. भाज्या, मसाले, काहीही घालण्याआधी फक्त खिम्यात पाऊण छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा सोया सॉस घालून हाताने किंवा लाकडी चमच्याने जोरात फेटायला घ्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही होत नाही, खिम्याचे दाणे सुटे सुटे फिरत राहतात. मग तो हळूहळू चिकट होऊ लागतो. दोन-तीन मिनिटांत खिमा एकसंध होतो, भांड्याच्या कडेला धागे धरून चिकटतो आणि चमचा ओढला तर त्याच्यामागून सगळा गोळा सरकतो. मिठामुळे मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन विरघळून बाहेर आलेलं असतं. तेच पुढे शिजताना घट्ट होतं आणि पाणी, चरबी आपल्या जाळ्यात पकडून ठेवतं. एकाच दिशेने फेटा, असं सगळे सांगतात. दिशेपेक्षा न थांबता फेटणं महत्त्वाचं.

असा चिकट झालेला खिमा पाणी पिऊ शकतो. तीन मोठे चमचे गार पाणी किंवा चिकनचं गार सूप एकेक चमचा घालत जिरवायचं. पुढचा चमचा आधीचा पूर्ण जिरल्यावरच. हेच पाणी नंतर रस म्हणून चाखायला मिळतं.

बाहेरच्या पाण्याशी मात्र वैर. कोबीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि ते शिजताना सुटलं तर मायोसिनच्या जाळ्यात न अडकता थेट पारीत शिरतं, बूड फुटतं. १०० ग्रॅम कोबी अगदी बारीक चिरून चिमूटभर मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवावा आणि पंचात घट्ट पिळावा. मग तो, एक छोटा कांदा, कांद्याची पात, कोथिंबीर, आलं-लसूण, मिरपूड आणि एक मोठा चमचा तेल किंवा पातळ तूप सगळ्यात शेवटी खिम्यात मिसळायचं. तेल आधी घातलं तर मीठ आणि प्रथिन यांच्यामध्ये येतं, खिमा चिकट होत नाही.

काठमांडूच्या सारणात आणि चटणीत टिमूर असतो. हा हिमालयातला मिरीवजा मसाला, जीभ हलकीशी बधिर करणारा. तो मिळाला नाही तर कोकणातलं तिरफळ घ्या. दोन्ही झँथॉक्झायलम या एकाच वनस्पतिगटातली. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालणाऱ्यांना वास लगेच ओळखू येईल. आतली काळी बी काढून टाकायची, फक्त साल भाजून चुरायची आणि ३०० ग्रॅमला दोन-तीन सालींपेक्षा जास्त नाही. हा बदल नेपाळी नाही, पण चवीला शोभतो.

मीठ बरोबर आहे का हे कच्चं सारण चाखून बघू नका. छोटी टिकली तव्यावर भाजा आणि ती चाखा.

चिकन शिजलं हे कसं ओळखायचं

हा भाग मी गाळू देणार नाही. अख्ख्या तुकड्यात जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात. खिमा करताना तेच जंतू सगळीकडे मिसळतात. चिकनमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे नेहमीचे. सारणाच्या मध्यभागी तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की ते मरतात, आणि हा आकडा खिम्यासाठी सर्वमान्य आहे. टोकदार सुईचा थर्मामीटर फार महाग नाही. सर्वांत मोठा मोमो घेऊन त्यात आडवी सुई घालायची, म्हणजे टोक बरोबर मध्यावर येतं.

रंगावर भरवसा ठेवू नका. लेगचं मांस पूर्ण शिजूनही किंचित गुलाबी दिसू शकतं आणि सोया सॉसने कच्चंही तपकिरी दिसतं. थर्मामीटर नसेल तर वाफवण्याची वेळ तोडू नका आणि एक मोमो मधोमध कापा. सारण घट्ट, अपारदर्शक, आणि आतून वाफ येत असायला हवी.

आणखी दोन गोष्टी. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, त्याचे शिंतोडे सिंक आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. आणि भरलेले मोमो ओट्यावर ताटकळत ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात, ३२ अंशांच्या वर, कच्चं चिकन तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको. लाटायला वेळ लागत असेल तर सारण फ्रीजमध्ये ठेवून लागेल तसं काढा.

आकार

वर गाठ मारलेला गोल मोमो दिसायला सुंदर, पण एअर फ्रायरसाठी अडचणीचा. चुण्यांच्या गाठीत पारीचे चार-पाच थर एकत्र येतात आणि बास्केटमध्ये तोच भाग कॉइलच्या सर्वांत जवळ. बूड पांढरं आणि टोक काळपट, असं होतं. अर्धचंद्राकृती मोमो इथे बरे: चौदा ग्रॅम सारण, कडेला पाण्याचं बोट, घडी, आणि एका बाजूने सहा-सात चुण्या. कड अरुंद ठेवा. दुमडताना आतली हवा बोटांनी बाहेर काढा, कारण अडकलेली हवा वाफेबरोबर फुगते, पारी फुटते आणि जपलेला रस वाहून जातो. गोलच हवे असतील तर गाठीचं जास्तीचं पीठ चिमटीने खुडून टाका.

वाफ, आणि मग हवा

मोदकपात्र किंवा इडलीपात्र चालतं. चाळणीला तेलाचं बोट लावा किंवा कोबीची पानं अंथरा. पाणी खळखळ उकळल्यावरच मोमो ठेवायचे, एकमेकांना न चिकटवता. झाकणाला फडकं बांधलं तर वरून पाणी ठिबकत नाही. मोठ्या आचेवर नऊ-दहा मिनिटं. पारी चमकायला लागते, सारणाचा रंग आतून दिसतो. तापमान बघायचं ते इथे. पुढे एअर फ्रायरवर शिजवण्याची काहीही जबाबदारी नाही.

वाफवलेले मोमो लगेच बास्केटमध्ये टाकू नका. तेल लावलेल्या ताटात सुटे करून पाच मिनिटं ठेवा. सुरुवातीला बोट लावलं तर पारी ओली, चिकट लागते. पाच मिनिटांत चकाकी किंचित मंदावते आणि बोटाला चिकटणं थांबतं. हे वरचं पाणी स्वतःच्या उष्णतेवर उडालं, तेवढं काम मशीनचं वाचलं. मग तेलाचा ब्रश. पंधरा मोमोंना दोन छोटे चमचे तेल पुरतं, पण ते सगळीकडे लागायला हवं, विशेषतः कडेला आणि चुण्यांच्या घड्यांत. हे तेल चवीपेक्षा उष्णतेसाठी आहे: हवा आणि पारी यांच्यामधल्या बारीक भेगा ते भरतं, उष्णता एकसारखी पसरवतं आणि पारीवर तळणीसारखे छोटे फोड आणतं. तेल न लावता पारी नुसती सुकते, रंगही येत नाही.

एअर फ्रायर २०० अंशांवर तीन मिनिटं रिकामा तापवा. मोमो एका थरात, मध्ये बोटभर जागा सोडून. थरावर थर लावले तर हवा फिरत नाही, त्यांच्याच वाफेत ते परत ओले होतात. तीन मिनिटांनी उलटा, मग पुन्हा दोन-तीन मिनिटं. मशीनमशीनमध्ये फरक असतो, तेव्हा चौथ्या मिनिटापासून बघत राहा. आधी कड रंग धरते, मग पोट. सोनेरी झालं की काढा, गडद तपकिरीपर्यंत नेऊ नका. स्टार्च असलेले पदार्थ १२० अंशांच्या वर जितके जास्त करपवावेत तितकं त्यात आरोग्याला अपायकारक मानलं जाणारं अ‍ॅक्रिलामाइड वाढतं, आणि तशीही करपलेली पारी कडू लागते.

बास्केटमध्ये छिद्रांचा कागद घालणार असाल तर मोमोंच्या वजनाखालीच घाला. मशीन रिकामं तापत असताना नुसता कागद आत ठेवला तर पंख्याने तो उडून कॉइलला लागतो आणि पेटू शकतो.

वाफवायचं भांडंच नसेल तर मोमो उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटं शिजवून, निथळून, तसेच पुढे न्यावेत. चव थोडी पाण्यात जाते, पण पारी उत्तम होते.

फ्रीजरमधले मोमो

एकदा बसलं की साठ-सत्तर करून ठेवावेत, हे बरोबरच. भरलेले कच्चे मोमो पीठ भुरभुरलेल्या ताटात सुटे मांडून दोन-तीन तास गोठवा, दगड झाले की पिशवीत भरा. खाण्याआधी ते बाहेर काढून वितळवू नका. वितळताना सारणाचं पाणी पारीत उतरतं, बूड ताटाला चिकटून फाटतं. फ्रीजरमधून थेट उकळत्या पाण्यावरच्या चाळणीत, वेळ तेरा-चौदा मिनिटं, तापमान तपासायचं आणि मग नेहमीसारखं एअर फ्रायरमध्ये. गोठलेले कच्चे चिकन मोमो थेट २०० अंशांच्या हवेत टाकणं मला धोक्याचं वाटतं. बाहेर रंग येतो आणि मध्यात ७४ अंश झालेले नसतात, तेही दिसत नाही.

बाजारातल्या पाकिटावर आधी शिजवलेले आहेत की कच्चे ते लिहिलेलं असतं. शिजवलेले असतील तर कोमट पाण्याचा हबका मारून, तेल लावून १८० अंशांवर आठ-नऊ मिनिटं, आतून वाफाळेपर्यंत.

कुरकुरे मोमो करायचे असतील तर एक सावधगिरी. पातळ बॅटर तेलात पडताक्षणी घट्ट होतं, हवेत मात्र ते घट्ट होण्याआधी जाळीतून खाली गळतं. म्हणून वाफवलेला मोमो मैद्यात घोळवा, फेटलेल्या अंड्यात बुडवा, मग तेल चोळलेल्या ब्रेडक्रम्समध्ये किंवा चुरलेल्या कॉर्नफ्लेक्समध्ये. कोरडं आवरण जागच्या जागी राहतं.

आणि तळले नाहीत म्हणून ते पौष्टिक झाले असं नाही. मैदा तेवढाच आहे, सोया सॉसचं मीठही तेवढंच. वाचलं ते तळणीचं तेल, आणि तेही काही कमी नाही.

चटणी आणि उरलेले

नेपाळी चटणीला म्हणजे अचारला भाजलेले टोमॅटो आणि तीळ हवेत. टोमॅटोही याच मशीनमध्ये भाजता येतात, मोमो वाफेवर असतात तेवढ्या वेळात: तीन टोमॅटो अर्धे करून, चार लसूण पाकळ्या सालीसकट, २०० अंशांवर बारा मिनिटं. साल काढून भिजवलेल्या सुक्या मिरच्या, दोन मोठे चमचे भाजलेले तीळ, मीठ आणि चिमूटभर टिमुराबरोबर वाटा. गरम पाण्याने सैल केली आणि वाडग्यात मोमोंवर ओतली की त्याला झोल मोमो म्हणतात. त्यासाठी मात्र मोमो वाफवलेलेच घ्या, कुरकुरीत केलेले रश्श्यात दोन मिनिटांत मऊ पडतात.

शिजलेले मोमो उरले तर दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रीजमध्ये, डब्याचं झाकण घट्ट लावून. दुसऱ्या दिवशी ते कडक लागतात, कारण गारव्यात स्टार्चचे कण पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात आणि धरलेलं पाणी सोडतात. पुन्हा मऊ करायला पाणी आणि उष्णता दोन्ही लागतात, म्हणून क्रम तोच: चार-पाच मिनिटं वाफ, कोरडं होऊ द्यायचं, तेलाचा हलका हात आणि २०० अंशांवर तीन मिनिटं. मध्यभाग परत ७४ अंशांपर्यंत तापायला हवा, आणि तिसऱ्यांदा गरम करायला ठेवू नका.